टुल्लू, ताटी आणि पंखा

मार्च सरत आला की आमच्या गल्लीत ताडपत्र्या निघायला लागतात. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आठ महिने झाकून ठेवलेला कूलर उघडा पडतो, आत चिमणीचं जुनं घरटं सापडतं, कुणीतरी टाकीचा तळ घासायला बसतं आणि घरातून हाक येते, "टुल्लू कुठं ठेवला होता मागच्या वर्षी?" टुल्लू म्हणजे कूलरमध्ये पाणी वर चढवणारा छोटा पंप. मूळचं ते एका ब्रँडचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा पंप टुल्लूच असतो.

यंदा हे सगळं चालू असताना भाची आली होती. शाळेतून तिला प्रोजेक्ट मिळाला होता, 'नवकल्पना आणि समाज'. "आत्या, नागपूरचं इनोव्हेशन म्हणून काय लिहू?" तिच्या डोक्यात मेट्रो होती, मिहान (विमानतळाजवळचं मोठं औद्योगिक क्षेत्र) होतं. मी म्हटलं, "आधी खिडकीपाशी चल."

इनोव्हेशन हा शब्द आता केसांच्या तेलाच्या बाटलीवरही छापलेला असतो, त्यामुळे त्यातला अर्थ जवळजवळ निघून गेलाय. तो परत भरायचा तर मला कूलरइतकी सोयीची वस्तू दुसरी दिसत नाही. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ताट्या म्हणजे गवत भरलेल्या चौकटी, चौथ्या बाजूला पंखा, खाली पाणी, पाण्यात टुल्लू. एवढंच. यात एकही भाग असा नाही की जो इथला कारागीर हातोडी, पकड आणि ड्रिल मशीन घेऊन दुपारभरात जोडू शकणार नाही. आणि तरी मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना ही पेटी खोलीत २७-२८ अंशांची हवा फेकते. कशी?

पाण्याचे सगळे कण सारख्या वेगाने हलत नसतात. काही संथ, काही अतिशय चळवळे. भाचीला मी तिच्या वर्गाचं उदाहरण दिलं. मधली सुट्टी झाल्यावर सगळ्यात उचापती पोरं दारातून सुसाट बाहेर पळतात. मागे वर्गात उरतात ती त्यातल्या त्यात शांत. पाण्याच्या पृष्ठभागावरून जे कण हवेत निसटतात ते असेच सगळ्यात वेगवान, सगळ्यात जास्त ऊर्जा असलेले असतात. ते गेले की मागे राहिलेलं पाणी थंड होतं. मग गरम हवा त्या थंड पाण्याला घासून जाताना स्वतःची उष्णता देऊन टाकते आणि निवते. माठातलं पाणी गार का होतं, डोक्यावर ओला रुमाल टाकला की बरं का वाटतं, घाम आल्यावर वाऱ्याची झुळूक सुखद का लागते, सगळ्यांचं उत्तर हेच. यात उष्णता किती जाते हेही पाहण्यासारखं आहे. एक लिटर पाणी पूर्ण वाफ होऊन उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. तेवढ्या ऊर्जेत तीन-चार घागरी पाणी अंघोळीजोगं तापवता येईल.

आता ताटीचं काम कळतं. पाणी नुसतं टाकीत ठेवलं तर हवेला भेटायला त्याला पृष्ठभाग फार थोडा मिळतो. तेच पाणी लाकडाच्या बारीक सालपटांवरून ओघळू दिलं की पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. दुकानात त्याला वूडवूल म्हणतात, घरात आपण नुसतं 'गवत' म्हणतो. पंखा आतून हवा ओढतो, त्यामुळे बाहेरच्या हवेला ओल्या गवतातून वाट काढत आत यावंच लागतं. ताटीचा एक कोपरा जरी कोरडा राहिला तर गरम हवा नेमकी तिथूनच घुसते, कारण तिला कमी अडथळ्याची वाट हवी असते. म्हणून कूलरवाले काका पंप लावल्यावर पहिल्यांदा ताटीवर हात फिरवून बघतात. "ताई, डावीकडे पाणी नाही येऊन राहिलं," असं म्हणून ते वरच्या पन्हळीचं बुजलेलं भोक खिळ्याने मोकळं करतात. निदान आणि उपचार मिळून अर्धा मिनिट.

हे सगळं मुंबईला नेऊन लावलं तर? मुंबईत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने एकदा नागपूरहून हौसेने कूलर नेला होता. तिसऱ्या दिवशी घरातल्या पापडांना ओल आली आणि माणसांना घाम. यंत्र तेच, पाणी तेच. पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं की पाण्याचे कण उडून जाणार कुठं?

इथं एक संज्ञा समजून घेण्यासारखी आहे, ओल्या फडक्याचं तापमान. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या बुडाला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर धरा. कोरडा हवेचं तापमान दाखवेल, ओला त्याच्या खाली जाऊन एका ठिकाणी थांबेल. तो जिथं थांबतो तिथपर्यंतच असा कूलर हवेला नेऊ शकतो, त्याखाली नाही. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओला थर्मामीटर २३ च्या जवळपास थांबतो. म्हणजे खाली उतरायला २१ अंशांचा जिना आहे. चांगला कूलर त्यातल्या ऐंशी टक्के पायऱ्या उतरतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ओला २९ वर थांबतो. जिना पाचच पायऱ्यांचा, आणि खाली पोचल्यावर हवा इतकी दमट की अंगावरचा घामही सुकत नाही. भाचीने हा प्रयोग आमच्या गच्चीवर केला. तिला २० अंशांचा फरक मिळाला आणि तिने तो वहीत लाल पेनाने लिहिला.

(थर्मामीटरवरून आठवलं. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला आणि तासाभरात तो प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचला. हवामान खात्याने नंतर सेन्सरमध्ये बिघाड असल्याचं सांगितलं. शहरातल्या दुसऱ्या केंद्रांवर आकडे ४४ च्या आसपास होते. नागपूरने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेत, तेवढे पुरे आहेत.)

कल्पना नवी नाहीच. मुघल काळातल्या नोंदींत वाळ्याच्या मुळ्यांचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडलेल्या खोल्यांचा उल्लेख येतो. त्यांना खसखाना म्हणत. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी त्याला पंख्याची जोड दिली. ओल्या वाळ्याच्या ताट्या लावलेलं मोठं लाकडी खोकं, त्यात फिरणारी पाती आणि ती हाताने फिरवायला एक माणूस. या खोक्याचं नाव भारदस्त होतं, थर्मान्टिडोट. गारवा साहेबाला मिळायचा आणि घाम फिरवणाऱ्याला यायचा. पुढे अमेरिकेत, अॅरिझोनासारख्या कोरड्या भागात, १९३० च्या दशकात लोकांनी लाकडी चौकटी, ओलं गवत आणि विजेचा पंखा जोडून घरोघरी असेच कूलर बनवले.

मग नवं काय घडलं? विजेवर चालणारा स्वस्त पंखा आला, स्वस्त पंप आला, आणि पाती फिरवणारा माणूस त्या खोक्यातून मोकळा झाला. तत्त्व तेच राहिलं. बदललं ते हे की त्यासाठी आता नोकर लागत नव्हता. शोध आणि नवकल्पना यांत मला हाच फरक दिसतो. शोध म्हणजे पाणी उडताना गारवा देतं हे कळणं. नवकल्पना म्हणजे तो गारवा दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, महिन्याच्या बजेटमध्ये, रात्रभर मिळेल अशी काहीतरी जुळणी करणं. पहिलं काम एका डोक्यात होऊ शकतं. दुसऱ्याला लोहार, इलेक्ट्रिशियन, गवत विकणारा आणि खिडकीचं माप घेऊन येणारी गृहिणी, सगळे लागतात, आणि यांतल्या कुणाचंही नाव कुठल्या पेटंटवर नसतं.

नागपूरच्या कूलरमधली सगळ्यात हुशार गोष्ट तर पेटीत नाहीच. ती आहे बाहेरच्या अँगलच्या स्टँडमध्ये. कूलर खिडकीच्या बाहेर टांगायचा म्हणजे तो कोरडी हवा बाहेरून घेतो, आत सोडतो, आणि समोरची खिडकी जरा उघडी ठेवली की आतली दमट हवा बाहेर निघून जाते. दुकानात मिळणारे चाकांचे प्लास्टिकचे कूलर लोक खोलीच्या मधोमध ठेवतात, दारंखिडक्या लावून घेतात आणि मग दोन तासांनी म्हणतात, "हा तर चिकचिक करून राहिला बाप्पा." करणारच. तो तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करतोय. एसीला खोली बंद लागते, कूलरला उघडी. एका सवयीने दुसरं यंत्र चालवलं की दोघांचाही अपमान होतो.

एसीची गोष्टही गमतीची आहे. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी ते यंत्र आखलं, तेव्हा प्रश्न माणसांच्या उकाड्याचा नव्हताच. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगीत छपाईतले ठसे एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. हवेतली ओल काढणं हा मूळ हेतू होता, गारवा सोबत आला. म्हणजे एसी हवेतलं पाणी काढतो आणि कूलर हवेत पाणी घालतो. एसीने खोलीतून काढलेली उष्णता गल्लीत टाकली जाते, वर कॉम्प्रेसर चालवायला लागलेली वीजही शेवटी उष्णता होऊन तिथंच जाते. दीड टनाचा एसी पूर्ण भरात सुमारे दीड हजार वॉट घेतो. पत्र्याचा मोठा कूलर दोन-अडीचशे. बिल बघितलं की बाकी सिद्धांत लागत नाही.

कूलरने घर कसं बदललं हे माझ्या आईला विचारावं. तिच्या लहानपणी मे महिन्यात सगळा वाडा अंगणात झोपायचा. संध्याकाळी फरशीवर पाणी मारायचं, बाजा टाकायच्या, गाद्या निववायला पसरायच्या, आणि मग कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, हे सगळं त्या बाजांवरून इकडून तिकडे जायचं. कूलर आला आणि एकेक कुटुंब आत गेलं. आधी दुपारी, मग रात्रीही. कूलरच्या घरघरीत एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून बोलणंही कमी झालं, असं आई म्हणते. दुसरीकडे हेही खरं की दहावी-बारावीच्या सुट्टीत प्रवेश परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेले आजोबा यांच्यासाठी ती पेटी म्हणजे चैन नव्हे. आई स्वतः आता अंगणात झोपायला तयार नाही, हे मी इथं लिहिलं तर चिडेल.

घरात नवी कामंही आली. आमच्या लहानपणी संध्याकाळी कूलर भरायची पाळी लागायची. मोठ्या कूलरला भर दुपारी तासाला पंधरा लिटरपर्यंत पाणी सहज लागतं. नळ दोन तास आला तर त्यातला वाटा कूलरला काढून ठेवावा लागे. मग फ्लोट आला. संडासच्या टाकीत असतो तसाच तरंगता गोळा, पाणी खाली गेलं की तोटी उघडणारा. क्षुल्लक वस्तू. पण रोजच्या पाळीवरून होणारं भावंडांचं भांडण तिने संपवलं.

सगळे बदल आपल्या हवापाण्यात बसतात असं नाही. गवताच्या जागी आलेलं हनीकोम पॅड घ्या. नागमोडी कागदाचे थर एकमेकांना चिकटवून मधमाशीच्या पोळ्यासारखं केलेलं, गारवा उत्तम, तीन-चार वर्षं टिकेल असं दुकानदार सांगतो. आमच्याकडे बोअरचं पाणी. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मात्र उडत नाहीत. ते टाकीत साचत जातात, पाणी दिवसेंदिवस जड होतं आणि पॅडवर पांढरे ओघळ धरतात. दुसऱ्या उन्हाळ्यात आमचं पॅड इतकं बुजलं की पंखा फिरतोय आणि हवाच नाही. काका बघून म्हणाले, "तुमच्या पाण्याले गवतच बरं ताई. दरवर्षी फेकाचं, नवीन भराचं." गवत टिकत नाही हा त्याचा दोष सगळे सांगतात, जड पाण्याच्या घरात तोच त्याचा गुण ठरतो. तुम्हाला हनीकोमच हवं असेल तर टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाका.

ते पाणी डासांसाठीही काढायचंच असतं. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून उडता डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर पत्र्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहून महिनोन्‌महिने तग धरतात. पावसाळ्यात पुन्हा पाणी चढलं की जागी होतात. टाकी घासायची ती यासाठी.

आणि विजेचा झटका. विदर्भात एकही उन्हाळा असा जात नाही की कूलरच्या शॉकने कुणी गेल्याची बातमी येत नाही. पत्र्याची पेटी, पाणी, २३० व्होल्ट आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय, इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर तार जरा सोलली गेली तरी पुरते. आमच्या घरी नियम होता, कूलरला हात लावायचा तर चप्पल घालून. मी सातवीत असताना एकदा विसरले. हात खांद्यापर्यंत झिणझिणला आणि मी मागे पडले, एवढ्यावर निभावलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी अर्थिंग करून घेतलं.

बहुतेकांना वाटतं की घरात एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच) आहे, म्हणजे काळजी नाही. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. तो कित्येक अँपिअर प्रवाह गेल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाचं हृदय बंद पाडायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. माणसासाठी असतो तो ईएलसीबी किंवा आरसीसीबी. त्याची कल्पना एखाद्या चोख हिशेबनिसासारखी आहे. एका तारेने जितका प्रवाह आत गेला तितकाच दुसऱ्या तारेने परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरची जरी तूट आली तर ती कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातेय असं धरून तो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वीज तोडतो. त्याच्यावर एक टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. पूर्ण लेखातलं एकच काही आज करायचं असेल तर ते हे. आणि तरी, टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचाच.

सगळ्यांच्या खिडकीला स्टँड बसत नाही, हेही आहे. बांधकामावर राहणारी कुटुंबं, टिनाच्या छपराखालचे भाडेकरू, दुपारी सिग्नलला उभा असलेला डिलिव्हरीवाला पोरगा. गेल्या काही उन्हाळ्यांत चौकांत सिग्नलपाशी हिरवी जाळी ताणलेली दिसते. मोटर नाही, पाणी नाही, नुसती सावली. थांबणाऱ्याला कुठं आणि किती वेळ ऊन लागतं हे कुणीतरी उभं राहून पाहिलं असणार. मी तिला कूलरइतकंच मोठं इनोव्हेशन समजते.

भाचीचा शेवटचा प्रश्न होता, "पण आत्या, एवढं पाणी वाया जातं ना?" प्रश्न बरोबर आहे. शहराचं पाणी पेंच आणि कन्हान या नद्यांवरून येतं, आणि कूलरसाठी त्याची सगळ्यात जास्त गरज नेमकी ते सगळ्यात कमी असतं तेव्हा पडते. पण मी तिला गच्चीवर नेऊन उत्तरेकडे बोट दाखवलं. कोराडीचं वीज केंद्र. ते कंबरेत बारीक झालेले उंच बुरूज म्हणजे धुराडी असं तिला वाटत होतं. ते कूलिंग टॉवर आहेत. वीज बनवताना टर्बाइनमधून निघालेली वाफ पुन्हा पाणी करायची तर तिची उष्णता कुठंतरी टाकावी लागते. ती उष्णता घेऊन गरम झालेलं पाणी त्या बुरुजांत वरून जाळ्यांवर ओघळू देतात, खालून हवा शिरते, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होऊन खाली पडतं. ओली ताटी आणि हवा, फक्त पंख्याऐवजी बुरुजाची उंचीच हवा ओढते. ६६० मेगावॉटचे तीन संच गार ठेवणारा कूलर.

आणि त्यातलं पाणी? बरंचसं नागपूरचं सांडपाणी. भांडेवाडीला शहराचं मैलापाणी शुद्ध करून ते नळांनी वीज केंद्राकडे नेलं जातं. दिवसाला १३० दशलक्ष लिटरच्या क्षमतेने हा प्रकल्प आखला होता. जे पाणी पूर्वी नाग नदीत काळं होऊन वाहत जायचं, त्यातलं काही आता वीज केंद्र गार ठेवतं, आणि त्यामुळे पेंचचं तेवढं ताजं पाणी वीज केंद्राला द्यावं लागत नाही. म्हणजे आपण अंघोळ केलेलं पाणी कोराडीला जातं, तिथं वाफ होऊन उडतं, आणि तिथली वीज परत येऊन आपल्या खिडकीतला टुल्लू चालवते. भाचीने हे दोनदा ऐकलं. मग विचारलं, "हे प्रोजेक्टमध्ये लिहिलं तर मॅडमला 'मैलापाणी' शब्द चालेल?"

चालला. त्याशेजारी तिने कूलरचं चित्रही काढलं, स्टँडसकट, आणि प्लग काढलेला दाखवला.